अश्वजितनं सांगतलं म्हणजे झालं

सिहोऱ्यात लाईट गेली की लोक सबस्टेशनला फोन करत नसत. तिथला फोन उचलला जाईल याचा नेम नव्हता, आणि उचललाच तर पलीकडचा माणूस "येईल ना बाप्पा, येईल" यापुढं जात नसे. लोक सरळ अश्वजित गोंडाणेला विचारत. तुमसरच्या पुढं वैनगंगेच्या काठी जो खासगी वीज प्लांट उभा झाला होता, त्याच्या कंट्रोल रूममध्ये तो डेस्कपुढं बसायचा. भट्टी किती तापली, वाफ किती धरली, टर्बाइन कसं फिरून राहिलं, सगळं त्याच्या पडद्यावर. मग गावातल्या माणसानं सबस्टेशनच्या पाया कायले पडावं?

प्लांटला दोन युनिटं. एक नंबरची वीज ठरलेल्या भावानं सरकारी वीज कंपनीला द्यायची, असा करार. ते युनिट बंद पडलं की या पट्ट्यातले शेतीचे फिडर, म्हणजे शेतांना वीज नेणाऱ्या लाईनी, सगळ्यात आधी कापले जात. शेतीचेच काहून, हे तुम्ही मला विचारू नका. धान वाळला तर त्याचा आवाज येत नाही, आणि शहरातला एसी बंद पडला तर येतो, एवढं मला कळतं. दोन नंबरची वीज मात्र मोकळी. ती रोजच्या रोज बाजारात जायची, जो जास्त भाव देईल त्याला. भाजी बाजारात विकतात, बैल विकतात, तशी आता वीजही विकत होते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

अश्वजितचा बाप तेजराम हा वीज बोर्डाच्या काळातला लाईनमन. जिल्हा अजून एकच होता, गोंदिया वेगळा व्हायचा होता, तेव्हापासूनचा. आयुष्य खांबांवर गेलं, गुडघे गेले, पण अंगावर कधी चटका घेतला नाही. कारण एकच, परमिट. लाईनवर हात लावायचा तर आधी सबस्टेशनातून लाईन बंद करून घ्यायची, त्याला परमिट घेणं म्हणतात. आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानंच, स्वतःच्या तोंडानं, "मी उतरलो, माझी माणसं उतरली, लाईन सोडा" म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही, मग तो इंजिनियर असो की आमदार. एकदा आनंदराव नावाचा लाईनमन परमिट परत करायचं विसरला आणि सासरी जेवायला निघून गेला. इकडं गावात लग्न, मांडवात अंधार, नवरदेव घामानं न्हाऊन निघालेला. सरपंच सबस्टेशनात येऊन शिव्या देऊन राहिला. तेजरामनं लाईन सोडू दिली नाही. सायकल हाणत आनंदरावच्या सासरी गेला, त्याला हातात पोळी असतानाच उठवला, आणि त्याच्या तोंडून वदवून घेतलं तेव्हा कुठं मांडव उजळला. ही गोष्ट तेजराम इतक्या वेळा सांगायचा की घरातलं मांजरसुद्धा ती सुरू झाली की उठून जायचं.

अशा बापाचा पोरगा थंड खोलीत खुर्चीवर बसतो, याचा तेजरामला कोण अभिमान! विहाराच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जयभीम घालायचा आणि पोराचं सांगायचा. "मी खांबावर चढलो, म्हणून याले चढा लागलं नाही."

खांबावर चढायचं आलं ते खुशालच्या वाट्याला. खुशाल आणि अश्वजित एका बाकावर बसून शिकलेले, तलावाच्या पाळीवरून एकाच वेळी पाण्यात पडलेले. खुशाल कंत्राटी वायरमन झाला. पट्टा आत्ता तुटेल की मग असा, मदतीला माणूस नाही, आणि तारेत चुकून वीज आली तर ती जमिनीत उतरवायला जी साखळी तारांवर टाकतात, ती साखळी चार गावांत मिळून एकच. परमिटसाठी साहेबाला फोन लावावा तर साहेबाकडं इतकी गावं की तो कधी उचलणार? इकडं कंत्राटदार डोक्यावर बसलेला, लवकर कर, लवकर कर. तेव्हा खुशालनं आपली एक रीत काढली होती. फिडर कापलेला असला की अश्वजितला विचारायचं, "युनिट कवा येते?" अश्वजित म्हणाला उद्या, की खुशाल तेवढ्या वेळात बिनधास्त खांबावर. मोबाईल मोटरसायकलच्या हँडलला पिशवीत लटकवायचा, आवाज पूर्ण मोठा करून. प्लांटात मोबाईल नेऊ देत नसत, पण लाईट यायची असली तर अश्वजित फाटकावर येऊन फोन करेल आणि तो वर ऐकू येईल.

तेजरामला हे कळलं तेव्हा तो भडकला. "अबे, दोस्ताच्या फोनले परमिट म्हणतेत काय?"

"काका, तुमच्या वक्ती बोर्ड होतं," खुशाल हसत म्हणाला. "आता कंपनी हाय, कंपनीच्या खाली कंत्राटदार, त्याच्या खाली मी. माह्या खाली नुसता खांब हाय. अन् अश्यानं सांगतलं म्हणजे झालं."

अश्वजित तिथंच होता. त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं. कुणाला वाटणार नाही?

मग तो उन्हाळा आला. कोळसा कमी पडू लागला, बाजारात विजेचा भाव असा चढला की प्लांटातले साहेब लोक जेवताना मोबाईलवर तोच बघत बसायचे. एके दिवशी शिफ्टचे साहेब, जीवन सर, अश्वजितच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "युनिट एक घ्यायचं खाली. ट्यूब लीकेज."

अश्वजितनं पडद्याकडं पाहिलं. बॉयलरच्या आतली नळी फुटली की लपत नाही. पाणी जास्त ओढलं जातं, भट्टीतून शिट्टीसारखा आवाज येतो. इथं पाणी जागेवर, आवाज नाही.

"सर, लीकेज तर नाही दिसत."

"आहे," जीवन सर म्हणाले. "वरून आलं आहे."

मग खुर्ची ओढून त्यांनी हळू आवाजात समजावलं. कोळसा एवढाच आहे. तो एक नंबरात जाळला तर ठरलेला भाव, दोन नंबरात जाळला तर बाजारचा भाव. आपणहून वीज बंद केली तर करार मोडतो. नळी फुटली तर मोडत नाही, नळी काय कुणाला विचारून फुटते? "आपण काही कोणाच्या घरी चोरी नाही करून राहिलो, अश्वजित. बाजार आहे. सगळेच करतात." जीवन सर वाईट माणूस नव्हता. नागपूरला त्याच्या आईचं डायलिसिस चाललं होतं आणि हे सांगताना तो अश्वजितच्या डोळ्यांत पाहत नव्हता.

युनिट खाली घ्यायचं बटण अश्वजितच्याच बोटाखाली होतं. त्यानं ते दाबलं. त्याच्या जागी दुसऱ्यानं दाबलं असतं, हे त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्या बोटाला ते पुरलं नाही.

गावात सांगायला तेच. ट्यूब लीकेज. एकदा झालं, दोनदा झालं, मग होतच राहिलं. उन्हाळी धान लोंबीवर आलेला, आणि पाणी कवा भेटते याची वाट पाहत लोक आपापल्या शेतातल्या बांधीवर बसलेले. म्हातारी देवकाबाई त्याला रस्त्यात अडवून म्हणाली, "काहून रे पोरा, तुमची ते नळी रोजच फुटते काय? डांबर लावा ना तिले, आमी छपराच्या कवेलूले लावतो तसं." सगळे हसले. अश्वजितही हसला. घरी येऊन भरलं ताट सरकवून उठला. बायको रत्नमालानं विचारलं, तर पित्त झालं म्हणाला.

एवढ्या दिवसांत त्याला खुशालला तरी खरं सांगता आलं असतं. कितीदा मनात आलं. पण खुशालचं पोट मोठं नव्हतं. आज सांगितलं की उद्या पानठेल्यावर, परवा गावभर, आणि तेरवा अश्वजित प्लांटच्या फाटकाबाहेर. शिवाय एक गोष्ट होती जी तो स्वतःलाही धडपणे सांगत नव्हता. खुशाल त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहायचा, ती नजर त्याला हवी होती.

त्या दिवशी सकाळी फाटकावर मोबाईल जमा करण्याआधी खुशालचा फोन आला.

"अश्या, युनिट कवा येते?"

"उद्याच्या आत नाही."

"पक्कं?"

"पक्कं बे. ट्यूब लीकेज हाय. भट्टी थंडी होईल, माणूस अंदर जाईल, वेल्डिंग करन. तुले मालूम हाय ना."

"हाव, तूच तं सांगतलं होतं. बरं झालं. घनश्यामभाऊच्या बांधीतल्या खांबावरची तार जळली हाय. चार दिवसांपासून माहा जीव खाऊन राहिला. आज करूनच टाकतो."

परमिट घेऊन चढ, हे शब्द अश्वजितच्या ओठांपर्यंत आले होते. पण आजपर्यंत कधी न म्हणणारा माणूस आज म्हणाला, तर खुशाल विचारणारच, काहून? आणि त्या काहूनला उत्तर नव्हतं. त्यानं मोबाईल बंद करून फाटकावरच्या पेटीत टाकला आणि आत गेला.

जेवणाची वेळ व्हायच्या आधी जीवन सर जवळजवळ पळतच कंट्रोल रूममध्ये आले. चेहरा पांढरा. युनिट इतक्यांदा बंद कसं पडतं, हे पाहायला तपासणीची माणसं नागपुरातून निघाली होती. भट्टी उघडून दाखवा म्हटलं तर दाखवणार काय? नळी तर धडधाकट. "युनिट घ्या वर. लगेच. बारीक लीकेज होतं, दुरुस्त झालं." भट्टी गरमच होती, कधी थंड केलीच नव्हती, त्यामुळं वेळ लागणार नव्हता.

अश्वजितचे हात कामाला लागले. हाताला सवय असते. पण डोकं पुढचं पाहत होतं. युनिट आलं की वरून निरोप जाईल, फिडर सुटतील, आणि घनश्यामच्या बांधीत खुशाल वर असेल.

"सर, एक फोन करायचा आहे."

"कोणाला?"

"घरी."

"आधी युनिट लागू दे. मग फाटकावर जाऊन ये. मी पाहतो इथं."

टेबलावर फोन होता. हात लांब केला की लागेल एवढ्यावर. पण त्यावरचं सगळं बोलणं टेप व्हायचं, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यावरून काय सांगणार? लाईट येऊन राहिली, उतर. खुशाल म्हणेल, काहून? नळी दुरुस्त झाली म्हणावं, तर एवढ्या लवकर होत नाही हे अश्वजितनंच तलावाच्या पाळीवर बसून, लाखोरीच्या डाळीचे वडे खात, त्याला शिकवलेलं. दुसरं काही सांगावं, तर काय? तो वाफ चढवत होता आणि डोक्यात खोटं शोधत होता. एक सुचलं, ते टेपवर शोभणार नव्हतं. दुसरं सुचलं, ते खुशालला पटणार नव्हतं. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, जी आपण सगळेच घालतो. एवढ्या उन्हात खुशाल आत्ता वर असेल कायले, जेवला असेल, झाडाखाली आडवा झाला असेल. फिडर सुटायला संध्याकाळ होते. आपण फाटकावरून करू.

युनिट लागलं, पण ते स्थिरावेपर्यंत अश्वजितला खुर्ची सोडता आली नाही. मग जीवन सरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. तो उठला, चालत निघाला, मग पळाला. पेटीतून मोबाईल काढून लावला. रिंग गेली. जात राहिली. पुन्हा लावला. पुन्हा रिंग गेली आणि आपोआप बंद पडली.

सबस्टेशनातल्या माणसाची काही चूक नव्हती. वरून निरोप आला, फिडर सोडा. त्यानं पाहिलं, कुणाचं परमिट आहे का? नव्हतं. ज्याचं परमिटच नाही, त्याला विचारणार कोण? त्यानं सोडला. घनश्याम बांधावर उभा होता, त्याला वर कडकड असा आवाज आला आणि खुशाल पट्ट्यात अडकून मागं लवला. साखळी तारांवर नव्हती. ती त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेली होती. घनश्याम बोंबलत सुटला, आणि बाजूच्या बांधीत मोटरीनं धो धो पाणी फेकायला सुरुवात केली.

खुशालला जाळलं त्या संध्याकाळी गावात लाईट होती. कुणीतरी उठून रस्त्यावरचे दिवे बंद केले.

त्यानंतर जे झालं ते तर नेहमीचंच. कंत्राटदार म्हणाला, परमिट न घेता चढला, माझी जबाबदारी नाही. वीज कंपनी म्हणाली, आमचा तो माणूसच नव्हे. पानठेल्यावर लोक बोलू लागले, पिऊन चढला असन, नाई तं जित्या लाईनवर कोण चढते? खुशालनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तेजराम मात्र घरात बसून एकच म्हणत राहिला, "मी सांगतलं होतं. फोन म्हणजे परमिट नाई, मी सांगतलं होतं." आणि डोळे पुसत राहिला. अश्वजित त्याच खोलीत, भिंतीकडं तोंड करून. बापाला त्यानं सांगितलं नाही. बापानंही विचारलं नाही, आणि एवढा जुना लाईनमन होता, त्याला संशय आला नसेल असं मला तरी वाटत नाही.

खुशालची बायको राखी अश्वजितकडं आली ती अपघाताच्या चौकशीच्या आदल्या दिवशी. काही मागायला नव्हे. "भाऊजी, तुमी फक्त येऊन एवढं सांगा. त्यायनं तुमाले विचारलं होतं, अन् तुमी लाईट येत नाई म्हणाले होते. लोक त्यायले बेवडा म्हणून राहिले. माह्या पोराले शाळेत म्हणतेत. ते विचारून चढले होते, एवढंच सांगा." मग तीच त्याची समजूत घालू लागली, "तुमचा काय दोष? मशीनचं काय सांगता येते."

तो हो म्हणाला. जीवन सरांना कळलं तसा त्यांचा फोन आला. "सांग ना, सांग. लीकेज होतं, लवकर दुरुस्त झालं, एवढंच सांग. त्यात तुझा मित्रही खरा ठरतो, आपणही. दुसरं काही बोललास तर इथलंच नाही, कुठल्याच प्लांटचं दार तुला उघडणार नाही." सोपं होतं. राखीला जेवढं हवं तेवढं त्यात मिळत होतं. अश्वजितनं तो रस्ता पुन्हा पुन्हा पाहिला, आणि त्याला किळस आली. दोस्त मेला त्याच खोट्यानं, आणि आता त्याच्या नावाची साक्षही त्याच खोट्यावर उभी करायची!

सबस्टेशनाच्या आवारात कडुलिंबाखाली टेबल मांडून चौकशी झाली. अश्वजित उभा राहिला. खुशालनं सकाळी विचारलं होतं, मी उद्यापर्यंत लाईट नाही म्हणालो होतो, हे सांगितलं. मग म्हणाला, "पण लीकेज नव्हतंच. नळी फुटलीच नव्हती. बाजारात भाव होता म्हणून युनिट बंद ठेवलं होतं. मला माहीत होतं."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "प्लांटचा विषय या चौकशीत येत नाही. खांबावरच्या अपघाताबद्दल बोला."

"त्याच्याबद्दलच बोलून राहिलो, साहेब."

"मयतानं परमिट घेतलं होतं का?"

"नाही."

"बसा."

झालं. एवढंच. नोकरी दुसऱ्या दिवशी गेली, जीवन सरांची नव्हे, अश्वजितची. एक नंबरचं युनिट त्यानंतरही बंद पडत राहिलं, नळ्या फुटत राहिल्या. तेजराम विहाराच्या पायरीवर बसायचा बंद झाला.

पण त्या दिवशी लोक उठून गेले तरी राखी कडुलिंबाखालीच बसून होती. अश्वजित जवळ जाऊन उभा राहिला. तिनं वर पाहिलं नाही.

"तुमचा फोन आला तवा मी तिथंच होती," ती म्हणाली. "त्यायले खाली उतरवून राहिले होते. पिशवीत फोन वाजून राहिला होता. मी पायलं, तुमचं नाव. मले वाटलं, बरं झालं, भाऊजी येतेत." मग तिनं विचारलं, "लाईट येऊन राहिली, हे तुमाले कवा समजलं?"

"जेवणाच्या आधी."

"मंग?"

अश्वजितला खोटं बोलता आलं असतं. फोन जमा होता, साहेबानं सोडलं नाही, हे सगळं अर्धं खरं होतंच. "टेबलावर फोन होता," तो म्हणाला. "खुशालनं काहून विचारलं तं काय सांगू, ते सुचत नव्हतं."

राखी उठली, पदरानं तोंड पुसलं.

"नुसतं उतर म्हणाले असते तरी उतरले असते ना ते," ती म्हणाली. "त्यायनं काहून म्हणून विचारलंच नसतं. तुमचा फोन होता, भाऊजी."